आकड्यामागचा आधार : शासकीय अर्थसंकल्प विश्लेषकाचे काम आणि त्याची पद्धत

महाराष्ट्र शासनाच्या आस्थापनेत ‘अर्थसंकल्प विश्लेषक’ या नावाचे स्वतंत्र पद सहसा आढळत नाही. परंतु मंत्रालयातील प्रत्येक प्रशासकीय विभागाचे अर्थसंकल्प कार्यासन, आयुक्तालये व संचालनालये यांच्या लेखाशाखा आणि वित्त विभागातील व्ययविषयक कार्यासने येथे सहायक कक्ष अधिकाऱ्यापासून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतील अधिकाऱ्यापर्यंत अनेकजण हेच काम करीत असतात. एखाद्या कार्यालयाने मागितलेल्या रकमेची छाननी करणे, पुढील वर्षाच्या खर्चाचा अंदाज बांधणे, मंजूर रकमेचा खर्च वर्षभर तपासणे आणि या सर्वांवर वरिष्ठांना निर्णय घेता येईल अशी टिप्पणी सादर करणे, असे या कामाचे स्थूल स्वरूप आहे. वरवर पाहता हे काम बेरीज-वजाबाकीचे वाटते आणि नव्याने रुजू झालेला कर्मचारी बहुधा त्याच समजुतीने त्याला हात घालतो. वस्तुतः बेरीज संगणक करतो. बेरजेत घेतलेली प्रत्येक रक्कम कोठून आली, कोणत्या गृहीतकावर उभी आहे आणि ते गृहीतक ढासळल्यास काय होईल, हे सांगता येणे हा या कामाचा गाभा आहे. पुढील विवेचनात महाराष्ट्र शासनाची कार्यपद्धती समोर ठेवून हा गाभा टप्प्याटप्प्याने उलगडला आहे.

संविधानाने घातलेली चौकट

संविधानाच्या अनुच्छेद २०२ नुसार प्रत्येक वित्तीय वर्षाच्या अंदाजित जमा व खर्चाचे विवरण राज्यपाल विधानमंडळापुढे ठेवण्याची व्यवस्था करतात. त्यालाच ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ म्हणतात आणि व्यवहारात ‘अर्थसंकल्प’ या शब्दाने त्याचाच निर्देश होतो. त्यातील खर्च दोन प्रकारचा असतो. ‘भारित’ खर्च म्हणजे राज्याच्या एकत्रित निधीवर संविधानानेच टाकलेला खर्च, ज्यात कर्जावरील व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, न्यायालयीन हुकूमनाम्यानुसार द्यावयाच्या रकमा इत्यादींचा समावेश होतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. उर्वरित खर्च ‘दत्तमत’ होय. तो अनुच्छेद २०३ अन्वये अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने विधानसभेपुढे जातो आणि विधानसभेला मागणी मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार असतो, वाढविण्याचा नसतो. त्यानंतर अनुच्छेद २०४ अन्वये विनियोजन विधेयक संमत झाल्यावरच तिजोरीतून पैसा काढता येतो.

ही चौकट विश्लेषकाने केवळ परीक्षेपुरती पाठ करून चालत नाही, कारण तिच्यातूनच रोजच्या कामाचे नियम निघतात. विधानसभेने एका मागणीखाली ज्या कारणासाठी पैसा मंजूर केला, त्या कारणाबाहेर तो वापरण्याची मुभा कार्यकारी यंत्रणेला नाही, आणि मंजूर रकमेपेक्षा अधिक खर्च झाल्यास तो अनुच्छेद २०५ अन्वये विधानसभेकडूनच नियमित करून घ्यावा लागतो. एखाद्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याने, म्हणजे कोषागारातून रक्कम काढण्याचा व वाटण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने, ‘पैसा तर शासनाचाच आहे, या शीर्षातून त्या शीर्षात घेतला तर काय बिघडले’ असे विचारल्यास त्याचे उत्तर या तीन-चार अनुच्छेदांत आहे.

लेखाशीर्ष वाचण्याची सवय

अर्थसंकल्पाची भाषा अंकांची आहे आणि तिचे व्याकरण म्हणजे लेखाशीर्षांची रचना. या रचनेत सहा स्तर असतात: चार अंकी प्रधान शीर्ष, दोन अंकी उपप्रधान शीर्ष, तीन अंकी गौण शीर्ष आणि त्यानंतर उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष व उद्दिष्ट शीर्ष हे प्रत्येकी दोन अंकी. प्रधान शीर्षाचा पहिला अंक व्यवहाराची जात सांगतो. ० किंवा १ ने महसुली जमा, २ किंवा ३ ने महसुली खर्च, ४ किंवा ५ ने भांडवली खर्च आणि ६ किंवा ७ ने कर्जे व आगाऊ रकमा दर्शविल्या जातात. ८ ने सुरू होणारी शीर्षे आकस्मिकता निधी व लोकलेखा यांची असतात. उदाहरणार्थ, २२०२ हे ‘सर्वसाधारण शिक्षण’ या महसुली खर्चाचे प्रधान शीर्ष असून त्याखालील ०१ हे प्राथमिक, ०२ हे माध्यमिक आणि ०३ हे विद्यापीठीय व उच्च शिक्षणाचे उपप्रधान शीर्ष आहे, तर शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींचा भांडवली खर्च ४२०२ खाली जातो.

उद्दिष्ट शीर्ष पैसा नेमका कशावर खर्च होणार ते सांगते. ०१ वेतन, ११ देशांतर्गत प्रवास खर्च, १३ कार्यालयीन खर्च, ३१ सहायक अनुदाने (वेतनेतर), ३६ सहायक अनुदाने (वेतन), ५३ मोठी बांधकामे, ही त्यांपैकी रोज हाताखालून जाणारी शीर्षे होत. अर्थसंकल्पाच्या वितरणासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीत प्रत्येक योजनेला आठ स्थानांचा संकेतांक असतो आणि त्याची पहिली चार स्थाने प्रधान शीर्षाची असतात. आपल्या कार्यासनाकडील सर्व संकेतांक, त्यांचे नियंत्रक अधिकारी आणि त्यांचा शासन निर्णय यांचा एकपानी तक्ता नव्या विश्लेषकाने पहिल्या पंधरवड्यातच स्वतःच्या हाताने तयार करावा, कारण पुढे येणाऱ्या निम्म्या शंकांचे निरसन त्या तक्त्यावर होते. त्याच वेळी एककाकडेही लक्ष द्यावे. अर्थसंकल्पीय अंदाजांच्या पुस्तकांत रकमा हजारांत छापलेल्या असतात, क्षेत्रीय कार्यालयांचे प्रस्ताव लाखांत येतात आणि अर्थमंत्र्यांचे भाषण कोटींत चालते. या तीन एककांमधील एका शून्याची चूक संपूर्ण प्रस्तावाचा अर्थ पालटते.

वर्षाचे चक्र

शासनाचे वित्तीय वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असले, तरी विश्लेषकाच्या टेबलावर एकाच वेळी तीन वर्षे वावरत असतात. सन २०२६-२७ चा अंदाज तयार करताना त्याच ओळीत २०२४-२५ च्या प्रत्यक्ष रकमा, २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज आणि २०२५-२६ चा सुधारित अंदाज हे तीन आकडे शेजारी मांडावे लागतात. क्षेत्रीय कार्यालयांकडून प्रस्ताव साधारणतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागविले जातात, नियंत्रक अधिकारी ते एकत्रित करून प्रशासकीय विभागाकडे पाठवितात, वित्त विभागाबरोबर चर्चा हिवाळ्यात होतात आणि अर्थसंकल्प प्रायः मार्चमध्ये विधानमंडळास सादर होतो. निवडणुकीमुळे किंवा अन्य कारणाने पूर्ण अर्थसंकल्प संमत होणे शक्य नसल्यास अनुच्छेद २०६ अन्वये लेखानुदान, म्हणजे वर्षाच्या काही भागापुरती आगाऊ मंजुरी, घेतली जाते.

या चक्रात एक गैरसमज वारंवार आढळतो. चालू वर्षाचा सुधारित अंदाज वाढविला म्हणजे तेवढा खर्च करण्याची परवानगी मिळाली, असे क्षेत्रीय कार्यालये गृहीत धरतात. सुधारित अंदाज हा केवळ अंदाज असतो. वाढीव खर्चाचा अधिकार पुनर्विनियोजनाने किंवा पुरवणी मागणीनेच मिळतो (या दोन्हींविषयी पुढे). ही बाब प्रस्ताव मागविणाऱ्या पत्रातच स्पष्ट लिहिली, तर पुढची बरीच तंटेबाजी टळते.

वेतनाचा अंदाज : एक उदाहरण

राज्याच्या महसुली खर्चात वेतन, निवृत्तिवेतन व व्याज यांचा वाटा मोठा आणि तो टाळता न येणारा असल्यामुळे त्याला ‘अनिवार्य खर्च’ म्हणतात, तर योजनांवरील खर्चाला ‘कार्यक्रमावरील खर्च’ म्हणतात. २०१७-१८ पासून योजनांतर्गत व योजनेतर हा जुना भेद संपुष्टात आल्यानंतर हीच विभागणी व्यवहारात रुळली आहे. विश्लेषकाची पहिली कसोटी वेतनाच्या अंदाजातच लागते.

समजा, एका जिल्हास्तरीय कार्यालयात १२० पदे मंजूर असून त्यांपैकी ९६ भरलेली आहेत. त्या ९६ जणांचे एका महिन्याचे एकूण मूळ वेतन ३८,४०,००० रुपये, त्यावर ५० टक्के गृहीत महागाई भत्ता १९,२०,००० रुपये आणि इतर भत्ते ४,८०,००० रुपये, म्हणजे मासिक देयक ६२,४०,००० रुपये आहे. प्रथम लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की मार्चचे वेतन एप्रिलमध्ये दिले जाते, ज्याचा उल्लेख कार्यालयीन भाषेत ‘माहे मार्च, देय एप्रिल’ असा होतो. म्हणून वित्तीय वर्षात मार्च ते फेब्रुवारी अशा बारा महिन्यांचे वेतन खर्ची पडते. त्यानुसार पायाभूत रक्कम ७,४८,८०,००० रुपये येते.

यानंतर वाढी व घटी स्वतंत्र ओळींत मांडाव्यात. सर्वांची वेतनवाढ १ जुलैला ३ टक्के धरल्यास मूळ वेतन १,१५,२०० रुपयांनी आणि त्यावरील भत्ता ५७,६०० रुपयांनी वाढतो. जुलै ते फेब्रुवारी या आठ महिन्यांचा तो भार १३,८२,४०० रुपये होतो. जुलैपासून महागाई भत्त्यात ३ टक्के वाढ गृहीत धरल्यास वाढीव मूळ वेतनावर आणखी ९,४९,२४८ रुपये लागतील. मे अखेरीस चार कर्मचारी सेवानिवृत्त होणार असून प्रत्येकाचे मासिक वेतन सरासरी ९०,००० रुपये असेल, तर जून ते फेब्रुवारी या नऊ महिन्यांत ३२,४०,००० रुपये वाचतील. ऑक्टोबरपासून सहा नवे कर्मचारी मासिक ४५,००० रुपयांवर रुजू होण्याची शक्यता असल्यास पाच महिन्यांचे १३,५०,००० रुपये मिळवावे लागतील. निवृत्त होणाऱ्यांच्या वेतनवाढीसारखे बारकावे बाजूला ठेवल्यास एकूण अंदाज ७,५३,२१,६४८ रुपये होतो.

आता याच कार्यालयाने १२० मंजूर पदांवर सरासरी ६५,००० रुपये दराने हिशेब केला असता, तर मागणी ९,३६,००,००० रुपयांवर गेली असती, म्हणजे सुमारे १ कोटी ८३ लाख रुपये रिकाम्या खुर्च्यांच्या नावाने अडकले असते. गतवर्षीच्या समजा ७,२०,००,००० रुपयांच्या खर्चात सरसकट १० टक्के मिळविले असते, तर ७,९२,००,००० रुपये, म्हणजे जवळपास ३९ लाख रुपये अधिक मागितले गेले असते. हे पैसे बुडत नाहीत हे खरे. पण वर्षअखेरीस ते परत येईपर्यंत एखाद्या रुग्णालयाच्या औषधांची किंवा वसतिगृहाच्या भोजनाची मागणी ‘निधी उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह परत गेलेली असते. फुगविलेल्या अंदाजाची खरी किंमत ही आहे. याउलट वेतन कमी धरले, तर फेब्रुवारीत देयके अडतात आणि पुरवणी मागणीची धावपळ सुरू होते. म्हणून प्रत्येक गृहीतक, म्हणजे भत्त्याचा दर, सेवानिवृत्तांची यादी व भरतीचा टप्पा, प्रस्तावासोबतच्या विवरणपत्रात नोंदवावे, जेणेकरून एखादे बदलल्यास संपूर्ण हिशेब नव्याने न मांडता तेवढी एक ओळ बदलता येईल.

योजनांच्या खर्चाची छाननी

नव्या योजनेचा प्रस्ताव तपासताना पहिल्या वर्षाच्या रकमेवर थांबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. खर्च आवर्ती आहे की अनावर्ती, म्हणजे तो दरवर्षी येणार आहे की एकदाच, हे प्रथम ठरवावे. इमारत एकदाच बांधली जाते, परंतु तिच्यासोबत वीज, पाणी, सुरक्षा, देखभाल आणि पदनिर्मिती यांचा भार कायमचा येतो, आणि तो ५३ या उद्दिष्ट शीर्षात न दिसता पुढील वर्षांच्या ०१, ०६ (वीज, पाणी इत्यादी) व १३ या शीर्षांत हळूच उगवतो. म्हणून पाच वर्षांचा भार एका तक्त्यात मांडल्याशिवाय नव्या बाबीवर अभिप्राय देऊ नये.

दुसरा प्रश्न दायित्वाचा. पूर्वी प्रशासकीय मान्यता दिलेल्या कामांची किती देणी बाकी आहेत, हे न पाहता नव्या कामांना मान्यता दिल्यास उपलब्ध तरतूद असंख्य कामांत विभागली जाते आणि एकही काम वेळेत पुरे होत नाही. तिसरा प्रश्न हिस्सेवाटपाचा. अनेक प्रमुख केंद्रपुरस्कृत योजनांमध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्र व राज्य यांचा हिस्सा ६० : ४० असतो, केंद्राचा हप्ता गृहीत धरून राज्य हिश्श्याची तरतूद करण्याचे राहून गेल्यास योजना तेथेच अडते. चौथा प्रश्न खर्च करण्याच्या क्षमतेचा असून तो विचारण्यास अवघड असला तरी टाळू नये: ज्या यंत्रणेने गेल्या तीन वर्षांत मिळालेल्या तरतुदीचा मोठा भाग परत केला, तिला यंदा दुप्पट रक्कम खर्च करणे कशामुळे शक्य होणार आहे?

मंजुरीनंतरचे वर्ष

अर्थसंकल्प संमत झाला म्हणजे विश्लेषकाचे काम संपले, असे नाही. मंजूर तरतूद वित्त विभागाच्या सूचनांनुसार टप्प्याटप्प्याने बीम्स प्रणालीवर उपलब्ध होते, नियंत्रक अधिकारी ती आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना वाटून देतात आणि कोषागारात देयक सादर करताना त्यासोबत प्रणालीवरील प्राधिकारपत्र जोडावे लागते. त्यामुळे कोणत्या शीर्षात किती रक्कम वितरित झाली व किती खर्च झाली, हे विश्लेषकास दररोज पाहता येते. तथापि पडद्यावरील टक्केवारी वाचणे आणि तिचा अर्थ लावणे यांत अंतर आहे. वेतनाचा खर्च महिन्यागणिक सारखा वाढतो, म्हणून सप्टेंबरअखेर तो निम्म्याच्या आसपास नसेल, तर काहीतरी चुकले आहे. बांधकामाचा खर्च पावसाळ्यात मंदावणे मात्र स्वाभाविक आहे. आणि शिष्यवृत्तीचा खर्च प्रवेशप्रक्रियेच्या मागून येतो. प्रत्येक शीर्षाची चाल वेगळी असते आणि ती मागील तीन वर्षांच्या मासिक खर्चावरून ओळखता येते.

खर्च व तरतूद यांत तफावत दिसू लागल्यास तीन मार्ग असतात. पहिला पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका शीर्षातील बचत दुसऱ्या शीर्षात वळविण्याचा. पण हे वळविणे एका मागणीतून दुसऱ्या मागणीत, दत्तमतातून भारितात किंवा महसुली भागातून भांडवली भागात करता येत नाही आणि नव्या बाबीसाठीही करता येत नाही. दुसरा मार्ग पुरवणी मागणीचा. पावसाळी अधिवेशन, नागपूरचे हिवाळी अधिवेशन आणि मार्चमधील अर्थसंकल्पीय अधिवेशन या तिन्ही वेळी अशा मागण्या सादर होण्याची प्रथा आहे, मात्र प्रत्येक प्रस्तावासोबत ‘हा खर्च मूळ अर्थसंकल्पाच्या वेळी का दिसला नाही’ याचे उत्तर असले पाहिजे. तिसरा मार्ग प्रत्यर्पणाचा, म्हणजे न लागणारी रक्कम वित्त विभागास परत करण्याचा. ती रक्कम ३१ मार्चपूर्वी जितकी लवकर परत होईल, तितकी ती अन्यत्र उपयोगी पडते. शेवटच्या दिवशी केलेले प्रत्यर्पण नियमात बसले तरी कोणाच्याही कामास येत नाही. मूळ तरतूदही पुरती खर्च न झालेल्या शीर्षाखाली पुरवणी मागणी घेतल्याचे प्रकार भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालांत वारंवार नोंदविले जातात. त्यांचे मूळ बहुधा मासिक आढावा न घेण्यात असते.

याच काळात महालेखापाल कार्यालयाशी खर्चाचा ताळमेळ घेणे हे कंटाळवाणे, म्हणून दुर्लक्षिले जाणारे परंतु अत्यावश्यक काम असते. देयकावर एक अंक चुकला की एका कार्यालयाचा खर्च दुसऱ्याच्या नावावर चढतो, आणि तो वेळीच दुरुस्त न झाल्यास विनियोजन लेख्यांत, म्हणजे मंजूर रक्कम व प्रत्यक्ष खर्च यांची तुलना मांडणाऱ्या लेख्यांत, एकीकडे जादा खर्च व दुसरीकडे बचत अशी न घडलेली गोष्ट कायमची नोंदली जाते.

टिप्पणी लिहिण्याची रीत

विश्लेषकाचे सर्व परिश्रम अखेर दोन-तीन पानांच्या टिप्पणीतून वरिष्ठांपर्यंत पोचतात. चांगल्या टिप्पणीत पाच गोष्टी क्रमाने येतात: मागणी काय आहे व ती कोणत्या शासन निर्णयावर आधारलेली आहे, गेल्या तीन वर्षांची तरतूद व खर्च किती, वाढीची कारणे व त्यांचे परिमाण, उपलब्ध पर्याय व प्रत्येकाचा परिणाम, आणि शेवटी स्पष्ट शिफारस. ‘प्रस्तावास मान्यता देण्यास हरकत नसावी’ यासारखे गुळमुळीत वाक्य अभिप्राय ठरत नाही. रक्कम कमी करावयाची असेल, तर किती, कोणत्या बाबीतून व का, हे लिहिल्यास प्रस्तावक विभागालाही उत्तर देता येते. ‘१० टक्के सरसकट कपात’ ही शिफारस विश्लेषणाचा अभाव झाकण्याचा उपाय असतो, कारण तिने फुगविलेला प्रस्ताव आणि प्रामाणिक प्रस्ताव एकाच मापाने कापले जातात आणि पुढील वर्षी प्रामाणिक कार्यालयही फुगवून मागण्यास शिकते.

योजना घ्यावी की नाही हे ठरविण्याचा अधिकार लोकनियुक्त शासनाचा आहे; तिची खरी किंमत सांगणे हे विश्लेषकाचे कर्तव्य आहे. हवा असलेला निर्णय निघावा म्हणून आकडा वाकविण्याची अपेक्षा व्यक्त झाल्यास आकडा न बदलता गृहीतक उघडपणे बदलून दुसरा पर्याय मांडावा, ज्यायोगे फरक कशामुळे पडला ते नस्तीवर राहते.

पूर्वतयारी

या क्षेत्रात येण्याचा रीतसर मार्ग महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांतून जातो. वित्त व लेखा सेवेतील पदे तसेच मंत्रालयातील सहायक कक्ष अधिकाऱ्यांची पदे आयोगामार्फत भरली जातात. वाणिज्य किंवा अर्थशास्त्राची पदवी उपयोगी पडते, परंतु महाराष्ट्र अर्थसंकल्प नियमपुस्तिका, आपल्या विभागाचे गेल्या तीन वर्षांचे अंदाज, विनियोजन लेखे आणि ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ यांचे वाचन तिच्यापेक्षा अधिक शिकविते. स्प्रेडशीट सफाईने हाताळता यावे, आणि वर्षातून निदान दोनदा ज्या शाळेचे, दवाखान्याचे किंवा धरणाचे आकडे तपासले जातात तेथे प्रत्यक्ष जावे, कारण ‘सामग्री व पुरवठा’ या शीर्षात काय काय मावते, हे भांडारगृहात उभे राहिल्यावरच कळते.

एखाद्या वर्षाचा अंदाज ते वर्ष उजाडण्यापूर्वी तयार होतो, खर्च पुढील मार्चअखेर पुरा होतो, विनियोजन लेखे त्यानंतर येतात आणि लोकलेखा समितीपुढे विभागाच्या सचिवांना त्यांतील तफावतीचे स्पष्टीकरण द्यावे लागते तेव्हा आणखी काही वर्षे लोटलेली असतात. तोपर्यंत अंदाज बांधणारा विश्लेषक बहुधा बदलून गेलेला असतो आणि त्याच्या जागी बसलेल्या अधिकाऱ्याच्या हाती केवळ नस्ती असते. त्या नस्तीत ९६ कर्मचारी कोणते, चार निवृत्त होणारे कोण आणि सहा नव्यांची भरती कोणत्या पत्राच्या आधारे गृहीत धरली, हे सापडले, तर आकडा चुकलेला असूनही त्याचा बचाव करता येतो.